नवं संगीत शोधायला ‘एव्हरी नॉइज ॲट वन्स’ : उत्तम नकाशा, पण थांबलेला

स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या ॲपवरच्या संगीताचे सहा हजारांहून जास्त प्रकार, तेव्हा तिथेच नोकरीला असलेल्या ग्लेन मॅकडॉनल्ड यांनी या साइटच्या एकाच पानावर मांडले आहेत. साइट फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. वर जाल तसं संगीत यांत्रिक, इलेक्ट्रिक होत जातं, खाली याल तसं नैसर्गिक आवाजाचं. डावीकडे दाट आणि संथ पसरणारं, उजवीकडे ठसकेबाज आणि उसळतं. नावावर क्लिक केलं की नमुना वाजतो. शेजारच्या दुहेरी बाणावर क्लिक केलं की त्या प्रकारातले कलाकार दिसतात.

पान अवाढव्य आहे, मोबाइलवर बघण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटरवर उघडा आणि कंट्रोल-एफ दाबून आपला ओळखीचा प्रकार गाठा. कलाकारांच्या नकाशाखाली त्या प्रकाराचे शेजारी असतात आणि त्याहून खाली अगदी विरुद्ध टोकाचे प्रकार. ही विरुद्ध टोकाची सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते. कुठलंही ॲप आपणहून तिकडे नेत नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथलं शेजारपण नादाच्या पोतावर, लयीवर, जोमावर ठरतं. राग त्यात धरलेला नाही. इथियोपियातल्या तिझिता या पाच स्वरांच्या स्वरमालेच्या मेजर रूपात सा रे ग प ध हेच स्वर आहेत, म्हणजे आपल्या भूप रागाचे. न्यास (थांबण्याचे स्वर) आणि चलन (स्वरांची चाल) वेगळं, तरी कान लगेच टवकारतो. पण हिंदुस्थानी संगीतावरून शेजारी-शेजारी सरकत तुम्ही इथिओ-जॅझला पोचालच असं नाही. तिथे थेट उडी मारा आणि इथिओ-जॅझचे जनक मुलातू अस्तातके यांच्या व्हायब्राफोनपासून (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) सुरुवात करा.

दुसरी अडचण म्हणजे प्रकाराचं लेबल गाण्याला नसून कलाकाराला आहे. त्यामुळे गझल, भावगीत, नाट्यपद सगळंच गाणारा आवाज ‘फिल्मी’ या प्रकारात जमा होऊ शकतो. शिवाय नमुना अर्ध्या मिनिटाचा. पॉपची ओळख तेवढ्यात होते, ख्यालाची होत नाही. नमुना आवडला नाही म्हणून प्रकार बाद करू नका, निदान तीन कलाकारांची पूर्ण गाणी ऐका. नमुना वाजलाच नाही, तर नाव उचलून आपल्या ॲपवर शोधा.

डिसेंबर २०२३ मध्ये स्पॉटिफायच्या नोकरकपातीत मॅकडॉनल्ड यांची नोकरी गेली, आतली माहिती मिळणं बंद झालं आणि नकाशा तिथेच गोठला. त्यानंतर उगवलेल्या प्रकारांसाठी बँडकँप या संगीत विकणाऱ्या साइटवरचे टॅग चाळावे लागतील.