भाडेकरूने दिलेल्या नंबरावर विसंबू नका

पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय.

आमच्याकडे आलेला माणूस सभ्य, नोकरदार आणि घाईत होता. ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, सगळं त्याने न मागता पुढे केलं. आधीच्या घरमालकाचा नंबरही दिला. मी फोन केला, तर पलीकडच्या गृहस्थांनी भरभरून कौतुक केलं. भाडं वेळेवर, घर स्वच्छ, शेजाऱ्यांची कधी तक्रार नाही. ते गृहस्थ त्याचे मित्र निघाले. खऱ्या मालकाचं भाडं थकवून हा तिथून बाहेर पडला होता.

पहिलं भाडं आलं, दुसरं अर्धं आलं. मग पगार अडकला, मग आई आजारी, मग फोनच बंद. शेवटी घरी गेलो तर दार उघडलं एका अनोळखी बाईंनी. त्याने आमचं घर परस्पर पोटभाड्याने दिलं होतं, डिपॉझिटही घेतलं होतं. त्यांची लहान मुलं आमच्याकडे बघत होती. त्यांना तरी काय बोलणार? तेही फसलेलेच. या गोष्टीचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

वकिलांनी कागद नीट पाहिले तेव्हा कळलं, स्टेटमेंटमध्ये पगाराची रक्कम वाढवली होती, पण पुढची शिल्लक तशीच ठेवली होती. बेरीज जुळतच नव्हती. स्लिपेवर छापलेला फोन नंबरही कंपनीचा नव्हता.

तेव्हा कंपनीचा नंबर स्वतः शोधा आणि तिथे विचारा. घरमालक म्हणवणाऱ्याला ‘माणूस कसा आहे’ एवढंच विचारून थांबू नका. घर कितव्या मजल्यावर, भाडं किती, कधी सोडलं, डिपॉझिटमधून काही कापलं का, हे विचारा. बोलता बोलता एखादी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगा. खरा मालक बहुधा लगेच दुरुस्त करतो, बनावट माणूस ‘हो हो’ म्हणतो. सध्याच्या मालकाचं कौतुकही जपून घ्या, नकोसा भाडेकरू जावा म्हणून तो गोड बोलत असेल. त्याच्याही आधीचा मालक मोकळेपणाने बोलतो. जमलं तर जुन्या पत्त्यावर जाऊन शेजाऱ्यांना भेटाच.

पैसे खात्यात दिसेपर्यंत किल्ली देऊ नका. पेमेंटचा स्क्रीनशॉट कुणीही बनवतो.

आणि भाडं थकलं म्हणून रागाने वीज तोडू नका, कुलूप बदलू नका. बहुतेक ठिकाणी ते बेकायदेशीर आहे, कोर्टात उलट तुमचीच बाजू लंगडी पडते. लेखी नोटीस द्या, आलेल्या-थकलेल्या भाड्याची नोंद आणि मेसेज जपून ठेवा, आणि लवकर वकील गाठा.