'हात' की 'हाथ'?

नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात भाजीवाला 'हाथ' म्हणतो, मी 'हात'. दोन्हींचं मूळ संस्कृत 'हस्त', मधला मुक्काम प्राकृतातला 'हत्थ'. हिंदीनं शेवटच्या अक्षरातला श्वास जपला, मराठीनं सोडला. 'भूख' आणि 'भूक' यांचंही तसंच. 'दूध' मात्र आपल्याकडेही दूधच राहिलं!

तळवा ओठांसमोर धरून 'त' म्हणा, मग 'थ'. 'थ'ला हवेचा झोत लागतो, म्हणून तो महाप्राण; 'त' अल्पप्राण. इथे 'प्राण' म्हणजे श्वास. 'प्र' उपसर्ग आणि 'अन्' म्हणजे श्वास घेणे हा धातू, यांतून तो शब्द झाला. लॅटिनमधला 'अ‍ॅनिमा' (श्वास, जीव) त्याच कुळातला. किती सुंदर नातं आहे हे!

हिंदी बोलताना 'हाथ' खुशाल म्हणा. पण मराठी लिहिताना 'हात'च हवा, नागपुरातही.