पहिली कॉपी कोणाची करू? व्हर्मीरची मुलगी की म्हातारा रेम्ब्रां

ऑइलमधलं पोर्ट्रेट जुन्या मास्टरची कॉपी करून शिकायचं ठरवलंय, तर माझं मत आधीच सांगते, पहिली व्हर्मीर. व्हर्मीर आणि रेम्ब्रां हे दोघे सतराव्या शतकातले डच चित्रकार. दोन्ही चित्रं नेदरलँड्समधल्या हेगच्या माउरित्सहाउस म्युझियममध्ये आहेत, दोन्हींत डोक्याला फेट्यासारखं कापड गुंडाळलंय आणि म्युझियमच्या साइटवरून दोन्हीचे मोठे फोटो फुकट मिळतात.

व्हर्मीरची 'गर्ल विथ अ पर्ल इअररिंग' साधारण १६६५ ची, फक्त ४४.५ बाय ३९ सेंमी, म्हणजे घरच्या टेबलावर त्याच मापात होते आणि त्याच मापात करा, कारण मग त्याचा ब्रश कुठे किती रुंद फिरला ते हाताला कळतं (पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये बसून कॉपी करणाऱ्यांना माप बदलावंच लागतं, घरी आपल्याला मोकळीक आहे). नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल बघा, मध्ये रेघच नाही, एक रंग दुसऱ्यात विरघळलाय, कड कुठे सोडून द्यायची हे इथे जेवढं शिकता येतं तेवढं कुठेच नाही. मोती म्हणजे तर वर एक पांढरा ठिपका आणि खाली कॉलरचा उजेड, बस्स, अडकवायला हूकसुद्धा रंगवलेला नाही! त्रास एकच, ओठाचा कोपरा मिलीमीटरभर सरकला की मुलगी दुसरीच कोणीतरी होते. मी चित्रातलं तोंड चार वेळा पुसलंय. ड्रॉइंग कच्चं असेल तर सरळ फोटोवर आणि कॅनव्हासवर सारख्या चौकटी आखून घ्या, म्हणजे एकेक चौकट बघून उतरवता येते.

रेम्ब्रांचं सेल्फ पोर्ट्रेट १६६९ चं, त्याच वर्षी तो गेला. सुरकुत्या, सैल कातडी, त्यामुळे ड्रॉइंग थोडं हललं तरी माणूस टिकतो, म्हणून सोपं वाटतं. पण त्याचा रंग जाड आहे आणि त्या थराची उंची फोटोत दिसत नाही, स्क्रीनवर बघून तसं करायला गेलं की नुसता लगदा होतो, त्यात आपल्याकडच्या पावसाळ्यात जाड थर वाळता वाळत नाही. ज्यांना हेगला जाऊन मूळ चित्रासमोर तासभर उभं राहता येईल त्यांनी खुशाल हे घ्यावं.

बाकीच्यांनी व्हर्मीर. त्यानेही आधी तपकिरी-काळ्यात उजेड-सावली बसवून घेतली होती, तुम्हीही तसंच करा, पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, तो पूर्ण वाळू द्या, मग वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत जा. आणि त्याच्याकडे शिशापासून केलेला पांढरा रंग होता, आपल्या ट्यूबमधला टायटॅनियम पांढरा त्याहून जास्त झाकतो, तर गालात तो अगदी कमी घाला, नाहीतर चेहरा खडूसारखा दिसतो.