बिना लायसन्सची बॅटरी गाडी, आठ महिने झाले

धनत्रयोदशीला घेतली, आता जून लागला म्हणून लिहून राहिली. मी अंगणवाडीत आहे, दारव्हा तालुक्यातलं गाव, रोज जाऊन येऊन चौदा किलोमीटर. लायसन्स नाही म्हणूनच पंचवीसच्या स्पीडवाली घेतली.

दुकानदार म्हणे ताई, बॅटरीच्या गाडीले काहीच लागत नाही, ना पासिंग ना इन्शुरन्स. अर्धं खरं आहे. मोटर 250 वॅटच्या आत, स्पीड 25 च्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या वर नाही अन् सरकारमान्य तपासणी संस्थेची तशी मंजुरी असली तरच कायदा तिले मोटार गाडी धरत नाही. यातलं एकही ओलांडलं की लायसन्स, पासिंग, इन्शुरन्स, हेल्मेट, हिरवी नंबर प्लेट सगळं आलं.

जानेवारीत भाचा म्हणे मावशी, बैलगाडी हिच्या पुढं जाते, अन् त्यानं सीटखालची एक वायर काढून दिली. गाडी चाळीसनं पळाली, मले बी मजा आली, खोटं कायले बोलू. चार दिवसांनी फाट्यावर पोलिसानं अडवलं, नंबर प्लेट कुठाय? मी डिक्कीतून मंजुरीचा कागद काढला, पन्नीत गुंडाळून ठेवते. त्यानं शांतपणे वाचला अन् म्हणे ताई, कागदावर तर पंचवीस आहे, तुम्ही कितीनं आल्या? समज देऊन सोडलं बिचाऱ्यानं. पण रस्ताभर डोक्यात तेच, कोणाले ठोकलं असतं तर इन्शुरन्स नाही, वावर विकायची पाळी आली असती. संध्याकाळी भाच्याकडूनच वायर जोडून घेतली. हेल्मेट मात्र मी तशीही घालते, सक्ती नसली तरी.

गाडीचं म्हणाल तर एका चार्जिंगवर साठ किलोमीटर सांगितले होते, मले चाळीस भेटतात, मागं कोणी बसलं तर तेवढेही नाही. नाल्याच्या चढावर मागच्यानं उतरायचं, हा आमचा घरचा नियमच झाला. मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या चार्जिंगले लावत नाही, तासभर सावलीत थंडी होऊ देते. परवाच्या पावसात पांदण रस्त्यानं गेली तर काळी माती मडगार्डमध्ये अशी भरली का चाकच फिरेना, तुराटीनं कोरून काढली.

नववीतला पोरगा चाबी मागते, देत नाही. त्याचा दोस्त बापाची हिरव्या प्लेटची मोठी स्कूटर फिरवते. अल्पवयीन पोट्ट्यानं तशी गाडी चालवली तर 25 हजार दंड अन् तीन वर्षांपर्यंत जेल बापाले होऊ शकते, हे त्याच्या मायले सांगितलं तर ती हसली.