आठ महिने ओबीडी डोंगल वापरल्यावर: लाँग टर्मचा आकडा बघत जा

गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरवाल्यांशी कडाक्याचं वाजलं म्हणून आज लिहायला बसलोय. साडेआठशेचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या पोर्टला लावला की इंजिनचे आकडे फोनवर दाखवतो), २०१८ ची बीएस४ पेट्रोल हॅचबॅक, रोज मानपाडा ते रबाळे. कनेक्शन अधूनमधून तुटतं, ॲपमध्ये जाहिराती फार, ते सोडा. मला बोलायचंय ते लाँग टर्म फ्युएल ट्रिमबद्दल, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर (ईसीयू) ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कायम जास्त (+) किंवा कमी (-) देतोय तो आकडा.

सुरुवातीला मी या प्रकाराच्या प्रेमातच पडलो होतो. ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्ट बघून सांगणार हवा जास्त झाली की पेट्रोल, आणि ईसीयू त्या हिशोबाने इंजेक्टर किंचित जास्त किंवा कमी वेळ उघडा ठेवणार. शॉर्ट टर्मचा आकडा सतत नाचत असतो, पण तीच चूक रोज दिसली की ईसीयू ती लाँग टर्ममध्ये लिहून ठेवतो. माझा +३ च्या आसपास असायचा. गाडी स्वतःची चूक स्वतः सुधारते असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो.

पावसाळ्यात ॲव्हरेज १५ वरून १२ वर आलं. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं, ट्रॅफिक जागचा हलेना, म्हणून बसल्या बसल्या ॲप उघडलं तर +१८! चेक इंजिन लाईट नाही, पिकअप ठीक, आणि ईसीयू आतल्या आत पेट्रोल वाढवून देत होता. बऱ्याच गाड्यांत हा आकडा २५ च्या आसपास गेल्याशिवाय लाईट लागतच नाही.

आधी ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, खापर फोडलं. साध्या पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागणार हे खरंच आहे. पण ठाणे-बेलापूर रोडवर ७०-८० ला आकडा +५ वर यायचा आणि सिग्नलला थांबलो की परत +१८. टाकीतलं पेट्रोल तर तेच, मग उभ्या गाडीत एवढा फरक कसा पडेल?

सर्व्हिस सेंटरने ६०० रुपये चेकिंगचे घेतले आणि सांगितलं सेन्सर गेला, ७८०० लागतील, वर इंजेक्टर क्लीनिंगचे २४००. मी नाही म्हटल्यावर बॅटरीची वायर काढून लावली आणि मला शून्य दाखवलं, बघा साहेब झालं. शून्य होणारच ना, शिकलेलं सगळं पुसलं गेलं! चौथ्या दिवशी आकडा +१६.

शेवटी कळव्यातल्या एका गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. गाडी रात्रभर ठेवून घेतली, सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि म्हणाले, "ऐका, टिक टिक येतंय." मलाही आलं ऐकू, इतके दिवस मी तो टॅपेटचा (इंजिनच्या व्हॉल्व्हचा) नेहमीचा आवाज समजत होतो. टॉर्च मारला तर मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या, जोडावर काजळीचा बोटभर फराटा. जोड बंद ठेवणारं गॅस्केट फुटलं होतं, तेही इंजिन आणि सेन्सरच्या मध्येच. एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा तिथून आत ओढली जायची, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसायचा आणि ईसीयू पेट्रोल वाढवत राहायचा. म्हणजे मिश्रण मुळात बरोबर होतं! नसलेली चूक सुधारण्यात माझं पेट्रोल जळत होतं, दर लिटरमागे, तीन महिने. गाडी स्वतःची चूक सुधारते हे माझं वाक्य मी मागे घेतो, ती सेन्सरने सांगितलेली चूक सुधारते.

गॅस्केट आणि मजुरी मिळून १३५०. आता आकडा +४, ॲव्हरेज १४.८. ते ६०० परत मागायला गेलो तिथेच वाजलं, चेकिंग चार्ज रिफंड होत नाही म्हणे. चुकीच्या चेकिंगचा पण?

डोंगल घ्या, पण पार्क करताना काढून ठेवा, बॅटरी पितो. दर रविवारी इंजिन गरम, एसी बंद, गाडी न्यूट्रलला, आणि लाँग टर्मचा स्क्रीनशॉट काढून तारखेसकट ठेवा. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर माझ्याकडचे २६ स्क्रीनशॉट बघूनच मॅनेजर बाहेर आला होता.