पीएमपी२२ च्या प्रती मोजणारी पी०३३ किट: कामाला चोख, डीएनएच्या बाबतीत नखरेल

शार्को-मारी-टूथ या हातापायांच्या नसांच्या आनुवंशिक आजाराच्या १ए प्रकारात पीएमपी२२ जनुक बिघडलेलं नसतं, एक प्रत जास्त असते, एवढंच. १७व्या क्रोमोसोमवरचा सुमारे १.४ मेगाबेसचा तुकडा दुप्पट होतो, दोनाच्या तीन प्रती होतात आणि नसेवर मायलिनचं वेष्टण चढवणाऱ्या श्वान (Schwann) पेशीचं गणित फिसकटतं. डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या साध्या सँगर सिक्वेन्सिंगला हे दिसतच नाही. प्रती मोजायच्या तर एमएलपीए (डीएनएवर शेजारी-शेजारी बसलेले प्रोबचे दोन भाग जोडून, वाढवून मोजायची पद्धत), आणि त्यासाठी एमआरसी हॉलंड कंपनीची पी०३३ प्रोबमिक्स, म्हणजे प्रोबचं तयार मिश्रण.

वाचायला सोपी. रेशो (रुग्णाच्या सिग्नलचं निरोगी रेफरन्स सॅम्पलशी प्रमाण) १ च्या आसपास म्हणजे दोन प्रती, १.५ म्हणजे तीन, ०.५ म्हणजे एक. एकच प्रत उरली की दाबाने नसा बधिर होणारा एचएनपीपी हा आनुवंशिक आजार. १.२ ते १.३ मध्ये लटकलेला रेशो रिपोर्टात लिहू नका, सॅम्पल पुन्हा लावा.

पद्धत दोन दिवसांची. ५ मायक्रोलिटरमध्ये ५० ते २५० नॅनोग्रॅम डीएनए, ९८ अंशांवर ५ मिनिटं. मग बफर आणि प्रोबमिक्स प्रत्येकी दीड मायक्रोलिटर, आणि ६० अंशांवर रात्रभर, १६ ते २० तास. सकाळी ५४ अंशांवर ३२ मायक्रोलिटर लायगेजचं (प्रोबचे भाग जोडणाऱ्या एन्झाइमचं) मिश्रण घालून १५ मिनिटं, शेवटी ३५ सायकलची पीसीआर.

घोळ होतो तो बहुतेक वेळा रात्री. ट्यूबमध्ये जेमतेम ८ मायक्रोलिटर असतात. झाकण सैल राहिलं किंवा मशीनचं तापतं झाकण नीट टेकलं नाही, तर सकाळी तळाशी थेंबच उरतो. दुसरा शत्रू मीठ. डीएनएत क्षार जास्त राहिले तर त्याचे दोन धागे पुरते सुटे होत नाहीत. त्याची चुगली किटच करते: ८८ आणि ९६ बेस लांबीच्या कंट्रोल तुकड्यांचे पीक (आलेखातली शिखरं) ९२ च्या मानाने बुटके दिसतात. असं दिसलं की रेशो कितीही देखणे असोत, रन फेकून द्या. ६४ ते ८२ बेसचे चार कंट्रोल पीक उंच असतील तर डीएनए कमी पडला. रक्त ईडीटीए ट्यूबमध्येच घ्या. हेपरिन पीसीआर अडवतं.

रेफरन्स सॅम्पल किमान तीन, आणि तेही रुग्णांच्याच पद्धतीने काढलेले. इथे काटकसर अंगलट येते.

एकाच प्रोबचा पीक पडला तर डिलीशन (तुकडा गायब) म्हणून लगेच शिक्का मारू नका. प्रोबचे दोन भाग जिथे जुळतात तिथे डीएनएत एखाद्या अक्षराचा साधा फरक असला तरी तसंच दिसतं. त्या जागेचं सिक्वेन्सिंग करा.

पीएमपी२२ ला चालना देतात सॉक्स१० आणि ईजीआर२ ही प्रथिनं, आणि सॉक्स१० बसतं तो एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा भाग) जनुकाच्या बराच वरच्या बाजूला आहे. काही कुटुंबांत तेवढाच भाग दुप्पट झालेला सापडलाय, जनुक मात्र दोनच प्रतींत. त्यामुळे फक्त एक्सॉनचे (जनुकातल्या प्रथिनाचा आराखडा असलेल्या भागांचे) प्रोब पाहून ‘नॉर्मल’ म्हणणं उतावीळपणा. पॉइंट म्युटेशनही (एकाच अक्षरातला बदल) या किटला दिसत नाही. हाताच्या नसेचा मोटर वेग सेकंदाला ३८ मीटरच्या खाली आणि इथला निकाल नॉर्मल, तर पुढे एमपीझेड, ईजीआर२ या जनुकांचं आणि पीएमपी२२ चंच सिक्वेन्सिंग. वडिलांकडून मुलाला आजार गेलेला नसेल तर एक्स क्रोमोसोमवरचं जीजेबी१ जनुक आधी.

प्रोबमिक्स फ्रीझरमध्ये ठेवा. प्रायमरवरचा रंग उजेडाने उडतो, म्हणून ती ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळलेली बरी.