अर्धवट स्वेटर: पुरा करावा की उसवावा?

कपाटात लोकर मावेना, तरी नवे गुंडे येतातच. खरा प्रश्न सुयांवर अडकलेल्या स्वेटरचा. पुरा करायचा तर रंग जुळायला हवा. तीच लोकर दुसऱ्या लॉटची, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेली निघाली की बाही पाठीपेक्षा उजळ दिसते. शिवाय मधल्या काळात हात बदलतो, माझे टाके आता सैल पडतात. आणि ज्याच्यासाठी सुरू केला तो भाचा एव्हाना माझ्या खांद्याला लागलाय!

उसवलं तर लोकर नूडल्ससारखी कुरळी निघते. लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून वाळत टाकली की खरी लोकर बरीच सरळ होते. अ‍ॅक्रिलिक तितकं ऐकत नाही.

नुसत्या बाह्या उरल्या असतील तर पुरा करा. सुरुवातीच्या बॉर्डरपाशीच थांबला असाल तर उसवाच, दहा नंबरच्या सुया तरी मोकळ्या होतील.